सेमीफायनलला न उतरलेले दोघे

क्लबाचा इतिहास सांगायला बसलं की म्हातारे सेमीफायनलवर येतातच. फायनलचा कप असतो, फोटो असतो. सेमीफायनलचं काहीच उरत नाही, नुसती बोलणी उरतात. आमच्या चाळीतही तेच. कोणी शेवटच्या बॉलवर सिक्स मारला, कोणी कॅच सोडून वर्षभर शिव्या खाल्ल्या. ऐकायला मजा येते.

पण दोस्तांनो, माझ्या डोक्यात बसलेली सेमीफायनल मी पाहिलेलीच नाही. ती १९२०ची, मुंबईच्या हिंदू जिमखान्याची.

तेव्हा चौरंगी सामने व्हायचे. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. टीमाच चार, म्हणजे पहिली मॅच तीच सेमीफायनल. आणि हिंदूंच्या टीमचा कणा कोण? पालवणकर भाऊ. चांभारांची पोरं.

थोरला बाळू. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, जाळं लावायचं आणि साहेबाला बॉल टाकायचे. बॅट साहेबाची, घाम याचा. त्यातून तयार झालेला हा डावखुरा स्पिनर पुण्याच्या हिंदूंना हवाहवासा झाला. का? तर गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानात त्याच्या हातचा बॉल चालायचा, पण चहाच्या वेळी तोच बाळू पॅव्हेलियनबाहेर, हातात मातीचं भांडं, प्यायल्यावर फेकून द्यायचं. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. म्हणजे बॉलला विटाळ नाही, कपाला विटाळ. हे शास्त्र कोणत्या स्मृतीत लिहिलंय ते त्यांनाच विचारा.

१९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं, त्यात बाळू होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं ११४ विकेट घेतल्या. एवढं करून कॅप्टनशिप? नाही. १९१३ साली कॅप्टन झालेला एम. डी. पै स्वतःच्या सत्कारात बोलून गेला की हा मान खरा बाळूचा. बोलला हे बरं केलं. पण खुर्ची काही हलली नाही.

मग आलं १९२०. सेमीफायनल मुसलमानांशी. पै आजारी. कॅप्टन कोण? दि. ब. देवधर. देवधर मोठा खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम हे दोघे पालवणकर त्याच्याहून वयानं, अनुभवानं पुढचे. वर बाळूला टीममधूनच काढलेला. वय झालं, म्हणे.

तेव्हा विठ्ठल-शिवरामनं काय केलं? जाहीर निवेदन काढलं आणि खेळायला नकार दिला. हात जोडले नाहीत, अर्ज केला नाही. जातीमुळे डावललंय, हे उघड बोलले.

मॅच हिंदूंनी जिंकली, तरी जिमखान्याला झुकावं लागलं. पारश्यांविरुद्धच्या फायनलला भाऊ परत आले, बाळू व्हाइस-कॅप्टन झाला, आणि पै मैदानाबाहेर गेला तेव्हा टीम त्यानंच चालवली. १९२३ला विठ्ठल रीतसर कॅप्टन झाला आणि युरोपियनांना हरवून त्यानं फायनल मारली.

म्हणून मी म्हणतो, त्या क्लबाची सगळ्यात मोठी सेमीफायनल हीच. स्कोअरबुकात जखमी होऊन बसलेल्याचीही नोंद होते. या दोघांसाठी मात्र तिथं रकानाच नव्हता.

आता आपल्यातलेच काही तोंड वाकडं करतील. बाळू १९३७ला काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभा होता ना? होता. १३,२४५ विरुद्ध ११,२२५ नी पडला. त्याआधी पुणे करारावर सहीही केली. मलाही हे टोचतं, झाकायचं काही कारण नाही. पण त्याच बाळूचा सत्कार झाला तेव्हा बाबासाहेबही कौतुकानं बोलले होते. सोबत्यांशी माझं यावरून भांडण होतं, अजून मिटलेलं नाही.

मी कॉलेजला होतो तेव्हा आमच्या टीममध्ये नवा बॉल माझ्या हातात असायचा. कॅप्टन निवडायची वेळ आली की सर म्हणायचे, तू बॉलिंगवर लक्ष दे. मी तीन वर्षं लक्ष देत राहिलो. सेमीफायनलही खेळलो, चार विकेट घेतल्या. तेव्हा मला विठ्ठल-शिवराम माहीत नव्हते.