काकवीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, मग गुऱ्हाळवाल्याची अडचण कुठे आहे?

थंडी पडली की सोशल मीडियावर गुऱ्हाळाचे व्हिडिओ फिरायला लागतात. काहिलीत उकळणारा रस, वर आलेला फेस आणि बाटलीत पडणारी तांबूस काकवी. खाली हमखास दोन कमेंट दिसतात. "दादा, पुण्याला पाठवाल का?" आणि "भैया, इंदूरला मिळेल का?"

समजा हे गुऱ्हाळ अजिंठ्याजवळच्या एखाद्या शेतात आहे. पुणे आणि इंदूर, दोन्हीकडे कुरिअर जातं. पण कायद्याच्या नजरेत या दोन बाटल्या सारख्या नाहीत. का, ते समजून घेऊ.

काकवी म्हणजे नेमकं काय?

उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या आधी जी मधासारखी घट्ट अवस्था येते, ती काकवी. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत ओततात. खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं जाळतात. ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी रसात घातलं की मळी वर येते, ती काढून टाकतात.

रस साधारण 105-106 अंश सेल्सिअसला असताना उतरवला तर काकवी, 118 अंशांच्या आसपास नेला तर गूळ. अनुभवी गुळव्या हे थर्मामीटरशिवाय ओळखतो. काकवी कच्ची राहिली तर आंबते, जास्त आटली तर तळाशी साखरेचे खडे धरतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. साखर कारखान्यातली मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला भाग. काकवीत अख्खा रस असतो. दोन्ही एक नाहीत.

2023 मध्ये काय बदललं?

गुळावर कर कमी होता, पण 'राब' म्हणजे पातळ गुळावर 18 टक्के जीएसटी होता. 18 फेब्रुवारी 2023 रोजी जीएसटी परिषदेच्या 49व्या बैठकीत तो कमी करायचं ठरलं. सुटा विकला तर शून्य, पॅक करून लेबल लावून विकला तर 5 टक्के.

म्हणजे गुऱ्हाळावर स्वतःची बरणी घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला कर नाही. लेबल लावलेल्या बाटलीवर मात्र आहे. आणि कुरिअरने खाण्याची वस्तू पाठवायची तर लेबल हवंच, एफएसएसएआयची नोंदणीही हवी.

मग पुणे आणि इंदूरमध्ये फरक कसा?

वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल, तर राज्यातल्या राज्यात विकताना त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यामुळे पुण्याची बाटली सहज जाते. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल, तर ही 40 लाखांची सूट लागू होत नाही. एकच बाटली इंदूरला पाठवायची तरी नोंदणी आली, तिच्यामागे रिटर्न आले. वर्षाला चार-पाचशे बाटल्या काढणाऱ्या घराला ते परवडत नाही. कर कमी झाला, पण कागद कमी झाले नाहीत.

पैशांचं गणित काय?

2025-26 च्या हंगामासाठी उसाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये आहे. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. एक टन उसातून साधारण 100 ते 120 किलो गूळ निघतो. काकवीत पाणी जास्त असल्याने ती थोडी जास्त भरते. ती 130 किलो धरली, तर एका किलोत नुसत्या उसाचेच सुमारे 27 रुपये होतात. त्यावर मजुरी, गुळव्या, बाटली, कुरिअर आणि फुटलेला माल.

म्हणूनच फार स्वस्त 'गावठी' काकवी दिसली तर सावध व्हा. गुळात साखर मिसळण्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. साखर मिसळणाऱ्याशी भावात स्पर्धा करणं खऱ्या गुऱ्हाळाला शक्य नाही.

मग अजिंठ्यात काकवीसाठी ऊस लावावा का?

इथे उत्साहाला थोडा लगाम हवा. अजिंठा सिल्लोड तालुक्यात येतं. हा पट्टा कापूस, मका, मिरची आणि आल्याचा. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि तेवढे दिवस पाणी मागतो. 2019 मध्ये तर विभागीय आयुक्तालयाच्या अहवालात मराठवाड्यात उसावर बंदी घालण्याची शिफारस झाली होती. दुसरीकडे 2021-22 च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला की तो मे महिना उलटला तरी तोडणीविना उभा होता.

या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तर उत्तर मिळतं. काकवी हे ऊस वाढवण्याचं कारण होऊ शकत नाही. पण ज्यांच्याकडे विहिरीवर, ठिबकवर अर्धा-एक एकर ऊस आधीच आहे, त्यांना ती कारखान्याच्या तोडणीची वाट न बघता माल विकण्याची वाट देते. ही वाट रुंद करायची असेल, तर लहान गुऱ्हाळांना परराज्यात विकतानाही उलाढालीची सूट मिळायला हवी.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट आहे. काकवी मागवताना भाव पाडू नका. ऊस कुठला, काहील कधी उतरवली आणि त्यात काय घातलं, एवढं विचारा. ज्याचं गुऱ्हाळ खरं आहे, तो न अडखळता सांगेल.