मित्राची म्हैस, आपलं वावर आणि बिल कोणाचं?

बिबट्याने गोठ्यातली शेळी उचलली तर पुढे काय करायचं, हे जुन्नर-आंबेगावातल्या बहुतेक घरांना पाठ आहे. वनखात्याला फोन, पंचनामा, अर्ज. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार 25 लाख रुपये देतं. त्या पैशाने गेलेलं माणूस परत येत नाही आणि सरकारी कामाबद्दल तक्रारी असतातच. पण पैसे कोणी द्यायचे, यावर तरी वाद नाही.

आता जनावर बदला. समजा आळ्यात तुमच्या टोमॅटोच्या वावरात रात्री म्हैस शिरली. रोपं तुडवली, मल्चिंग पेपर फाडला, ड्रिपच्या नळ्या तोडल्या. सकाळी कळलं, म्हैस तुमच्याच वर्गातल्या मित्राची. त्याचे वडील तुमच्या वडिलांना ‘दादा’ म्हणतात. आता फोन कोणाला लावायचा?

कायदा आहे, पण आण्यातला

जनावराला दोष नाही, हे कायदाही मानतो. जबाबदारी मालकाची, किंवा जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याची. याच आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कायदा तेवढा कनवाळू नाही, पण त्याचा हिशेबही साधारण तसाच: जनावराच्या चुकीचा वळ माणसाच्याच पाठीवर.

प्रश्न रकमेचा आहे. गुरांच्या घुसखोरीचा कायदा 1871चा. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने पकडावं आणि 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावं, असं तो सांगतो. मूळ कायद्यात दंड होता हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, शेळीला एक आणा. नंतर राज्यांनी दर बदलले, पण मुद्दा वेगळाच आहे. हा दंड भरून मालक जनावर सोडवून नेतो. तो पैसा ज्याचं पीक गेलं त्याच्या हातात पडत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951चं कलम 118 एक पाऊल पुढे जातं. गुरं मोकाट सोडून दुसऱ्याच्या जागेत जाऊ दिली तर शिक्षा आहे आणि दंडाधिकारी नुकसानभरपाईही द्यायला लावू शकतात. किती? जास्तीत जास्त अडीचशे रुपये. एवढ्यात आज वावरात दिवसभराचा एक मजूरही येत नाही.

खरी भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा. 1871च्या कायद्यानेही तो हक्क शाबूत ठेवलाय आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पण दहा-पंधरा हजारांसाठी जुन्नरच्या कोर्टात तारखा मोजायच्या, तेही मित्राच्या घरच्यांविरुद्ध? कायद्याने परवानगी दिली तरी बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत.

कुत्रा असेल तर?

1871च्या कायद्याच्या यादीत हत्ती-उंटापासून डुकरापर्यंत सगळे आहेत, कुत्रा नाही. मग रूमवर मित्राच्या लॅब्राडोरने लॅपटॉपची वाट लावली तर कुठलं कलम? भारतीय न्याय संहितेचं कलम 291 जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं, पण ते माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असेल तेव्हा. वस्तूंच्या नुकसानीसाठी पुन्हा दिवाणी मार्गच. तिथे विचारलं जातं: मालकाने वाजवी काळजी घेतली होती का? कुत्र्याची खोड त्याला माहीत होती का? आणि तुम्ही स्वतः लॅपटॉप जमिनीवर उघडा टाकून गेला होतात का? तुमचाही हलगर्जीपणा दिसला तर रक्कम कमी होऊ शकते. गावी जाताना मित्राने कुत्रा तुमच्याकडे ठेवला असेल, तर ताबा तुमचा होता, हेही निघणारच.

राग आला म्हणून जनावराला मारू मात्र नका. दुसऱ्याचं जनावर मुद्दाम ठार किंवा जायबंदी केलं तर न्याय संहितेच्या कलम 325खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुकसान तुमचं आणि आरोपीही तुम्हीच, असं व्हायचं.

आकडा कसा काढायचा?

मैत्री बहुतेक वेळा बिघडते ती आकड्यावरून. ‘दोन रोपं तर खाल्ली’ आणि ‘माझा सीझन गेला’ यांच्या मधे कुठेतरी खरा आकडा असतो. टोमॅटोचंच बघा. जुलै 2023मध्ये नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. तोच टोमॅटो एखाद्या वर्षी रस्त्यावर ओतावा लागतो. म्हणून तेजीच्या भावाने स्वप्नातलं उत्पन्न मागणं चूक आणि नुसत्या रोपाची किंमत हातावर ठेवणंही चूक.

साधा नियम धरा. लागवड नवी असेल तर रोपं, मजुरी, पेपर आणि नळ्यांचा खर्च. माल तोडणीला आला असेल तर अंदाजे वजन गुणिले त्या दिवसाचा बाजारभाव, त्यातून वाचलेली तोडणी आणि वाहतूक वजा. त्याच सकाळी फोटो काढा आणि दोघांना मान्य असलेल्या एका जाणत्या शेतकऱ्याला वावर दाखवा. गाडीवर ओरखडे असतील तर गॅरेजचा लेखी अंदाज घ्या. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी असेल तर तिकडेही दावा करता येतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही.

तरीही जमलं नाही तर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात 2007पासून आहे. ती अशाच वादांसाठी: कोर्टात जाण्याआधी गावात बसून मिटवायचं आणि लिहून ठेवायचं.

‘जाऊ दे रे’चा हिशेब

एवढं सगळं असूनही प्रत्यक्षात पैसे कोण भरतं? बहुतेक वेळा जो गप्प बसतो तो. ‘जाऊ दे रे, मित्रच आहे’ म्हणणारा मनातल्या मनात बिल फाडत नाही, जपून ठेवतो. मग ते बिल लग्नाच्या पंगतीत किंवा बांधाच्या भांडणात व्याजासकट बाहेर येतं. बिबट्याच्या बाबतीत लोक रस्त्यावर उतरले, मागणी केली, तेव्हा सरकार हललं. म्हशीच्या बाबतीत कोणी मागतच नाही, म्हणून अडीचशेचा आकडाही जागचा हलत नाही. तो बदलायला हवा, ही मागणी विधानसभेपर्यंत जायलाच हवी.

तोपर्यंत जबाबदारी जनावरवाल्या मित्रावर. नुकसान झालेल्याने मागितलं तर ते भांडण वाटतं. मालकाने आधी विचारलं तर तोच व्यवहार माणुसकीचा होतो. पूर्ण रक्कम जमत नसेल तर दोन हप्ते करा, किंवा रविवारी येऊन नळ्या जोडून द्या. पण त्याच सकाळी वावरात जा आणि म्हणा, ‘म्हैस आमची होती. किती झालं, सांग.’