ब्लॅक जोक : गुलामांच्या बाजारातून आलेली युद्धनौका

१/ शिडांच्या युगातील ब्रिटिश आरमार म्हटले की नेल्सन आणि ट्रफाल्गर आठवतात. परंतु १८२८ ते १८३२ या काळात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अवघ्या दोन तोफांच्या एका ब्रिगने जे साधले, ते मोठ्या फ्रिगेटनाही साधले नव्हते. तिचे नाव 'ब्लॅक जोक'.

२/ ही नौका आरमाराने बांधलेलीच नव्हती. बाल्टिमोरमध्ये बांधलेले हे जहाज 'हेन्रिकेटा' या नावाने ब्राझीलला गुलाम पोहोचवत असे. सप्टेंबर १८२७ मध्ये 'सिबिल' या फ्रिगेटने ते पकडले. एरवी अशी जप्त जहाजे फ्रीटाउनला लिलावात निघत आणि पुष्कळदा गुलामांचे व्यापारीच ती परत विकत घेत! कमोडोर कॉलियर यांनी हे जहाज मात्र आरमारासाठी घेतले. गुलामवाहू जहाजांना गाठेल असा वेग तेवढ्या गुलामवाहू जहाजातच होता.

३/ फेब्रुवारी १८२९. लेफ्टनंट हेन्री डाउन्स यांच्या हाताखाली 'ब्लॅक जोक'ने 'एल अल्मिरांते' या स्पॅनिश जहाजाचा ३१ तास पाठलाग केला. समोर १४ तोफा होत्या, तरी ते शरण आले. त्याच्या पोटात ४६६ माणसे कोंडलेली होती.

४/ या पराक्रमाचे पोवाडे इंग्लंडने पुष्कळ गायले. पण ते गाताना कायद्याचा विसर पडतो. तत्कालीन तहांप्रमाणे स्पॅनिश जहाजावर बेड्या, पाण्याची पिंपे, माणसे निजवण्याच्या फळ्या असे सारे सामान सापडले, तरी गुलाम चढवलेले नसतील तर ते सोडून द्यावे लागे. शिवाय खलाशांना बक्षीस मिळे ते सुटलेल्या माणसांच्या संख्येवर. म्हणजे माणसे आधी तळघरात कोंबली जावीत, मगच कायदा जागा होणार आणि बक्षीसही तेव्हाच. खलाशांच्या धैर्याबद्दल शंका नाही. त्यांना ज्या व्यवस्थेने समुद्रात धाडले, ती अर्धवट होती. त्या वेळी जमैकात, खुद्द ब्रिटिश निशाणाखाली, गुलामगिरी कायदेशीरच होती हेही ध्यानात घ्यावे.

५/ मे १८३२ मध्ये लाकूड कुजल्याच्या कारणावरून 'ब्लॅक जोक' फ्रीटाउनजवळ जाळून टाकण्यात आली. केवळ सामानाच्या पुराव्यावर जहाज जप्त करण्याचे कलम स्पेनने मान्य केले ते १८३५ साली.