गणरायाचे सामान आणि विमानतळावरील झडती

भाद्रपद जवळ आला, की कोकणाकडे निघालेल्या एस. टी. च्या टपावर आणि आगगाडीच्या डब्यांत सामानाचे ढीग रचले जात. ते आजही रचले जातात. परंतु अलीकडे त्या ढिगांतला एक वाटा विमानतळाच्या रांगेतही दिसू लागला आहे. लेकाच्या बंगळुरातील बिऱ्हाडी किंवा लेकीच्या दुबईतील घरी गणपती बसवावयास निघालेली वडीलधारी मंडळी समई, ताम्हन, निरांजन, कापराची डबी, खोबऱ्याच्या वाट्या असा सारा संभार बांधून घेतात, आणि मग तपासणीच्या ठिकाणी नेमका खटका उडतो. ‘अहो, हे देवाचे आहे, यात काय पाहता?’ हा प्रश्न तेथे मोठ्या कळवळ्याने विचारला जातो. तो कळवळा आम्ही समजू शकतो. तरीही आमचे मत असे, की देवाचे म्हणून नेलेल्या सामानाला झडतीतून सूट मागणे धर्मालाही धरून नाही आणि व्यवहारालाही.

ही झडती कोणाच्या लहरीतून जन्मलेली नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडनजीक समुद्रावर स्फोटाने फुटले आणि ३२९ माणसे गेली. स्फोटके होती ती प्रवाशांच्या सामानाबरोबर चढविलेल्या एका बॅगेत. त्या बॅगेचा धनी मात्र विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर १९८७ च्या एप्रिलात आपल्याकडे नागरी विमान सुरक्षेचे स्वतंत्र खाते उभे राहिले. पुढे २००६ साली लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला, आणि परदेशी प्रवासात हातच्या पिशवीतील द्रवाला प्रत्येक बाटलीमागे १०० मिलीलिटरचे बंधन आले. तुपाची बरणी आणि गंगाजलाचा गडू त्यात सापडतात ते यामुळे. तूप घट्ट असले तरी तपासणारे ते द्रवातच मोजतात. अशा वस्तू नीट सीलबंद करून, कंपनीला विचारून, मोठ्या बॅगेत द्याव्या हे उत्तम.

खरा धोका मात्र तुपाचा किंवा जलाचा नाही. तो कापराचा आणि खोबऱ्याचा आहे, आणि याविषयी आपल्या घरांतून फारच थोडी जाण आहे. डबी बंद असली तरी कापूर आपोआप झिजतो, म्हणून त्यात चार मिरे टाकून ठेवण्याची आपल्या आजीची रीत होती. तो झिजतो म्हणजे त्याची वाफ होते, आणि ती वाफ पेट घेणारी असते. आरतीच्या तबकात जो गुण आपल्याला हवा, तोच विमानाच्या पोटात नको. सुक्या खोबऱ्याची गोष्ट याहून विलक्षण. त्यातील तेलाचा हवेशी संयोग होऊन ते आतल्या आत तापू शकते, आणि बंद जागेत ती ऊब साठत गेली तर ठिणगीवाचूनही आग लागू शकते. यास्तव विमानाच्या मालवाहतुकीच्या नियमांत खोबरे आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात घातलेले आहे. खिरापतीच्या वाट्यांवर अधिकाऱ्यांचा राग नाही. काड्यापेटीचे तर सांगावयासच नको; ती आपल्याकडे ना हातच्या पिशवीत चालते, ना मोठ्या बॅगेत. उलट दिव्यांच्या माळेसाठी घेतलेले सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाहीत, ती हातच्या पिशवीतच ठेवावी लागतात. अडकित्ता मात्र मोठ्या बॅगेत जावा.

मग कापराविना आरती कशी करावी? एक तर कापूर आज दिल्लीतही मिळतो आणि दुबईतही. आणि समजा न मिळाला, तरी आपल्या शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला आहे. जैमिनींच्या पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधिद्रव्याचा सविस्तर विचार आहे. साळीचा तांदूळ नसेल तर रानातील नीवार, सोमवल्ली नसेल तर पूतिका, असा तो मार्ग. साध्या घरगुती पूजेतही जो उपचार हाताशी नसेल त्याच्या जागी अक्षता वाहण्याची चाल आहेच. ज्या धर्माने सोमयागात सोमाचाच पर्याय मानला, त्या धर्माच्या नावाने साड्यांच्या घडीत कापूर दडवून नेणे आम्हांला लाजिरवाणे वाटते. त्याच विमानात दुसऱ्या कोणाची तान्ही मुलेही बसलेली असतात.

सवलत हवी असेल तर ती उघडपणे मागता येते, आणि मिळतेही. एरवी केबिनमध्ये नारळ नेऊ देत नाहीत. परंतु शबरीमलेच्या यात्रेकरूंच्या इरुमुडीतील नारळाला २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने परवानगी दिली. ती २० जानेवारी २०२५ पर्यंतची होती, आणि तीही क्ष-किरण यंत्रातून व हाताने तपासणी करूनच. यात श्रद्धेचा मान राहिला आणि तपासणीही राहिली.

मूर्तीबद्दलही मनात किंतु असतो. क्ष-किरणांखालून गेल्याने पार्थिव मूर्तीला बाध येतो काय? चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मृत्तिकाच आहे. तेव्हा हा किंतु निराधार होय. देव्हाऱ्यातील नित्य पूजेचे टाक किंवा बाळकृष्ण बरोबर असतील, तर ते स्वच्छ वस्त्रात वेगळे बांधावे, तळाशी कोंबू नयेत, आणि तपासणाऱ्यास आधीच नम्रपणे सांगावे. तो जवानही बहुधा कोणत्या ना कोणत्या देव्हाऱ्यापुढे वाढलेला असतो.

पण एक मागणे आमचे अधिकाऱ्यांकडेही आहे. देवाची वस्तू बाहेर काढावयाची झाल्यास ती चपलांच्या तबकात ठेवू नये. त्यासाठी एक निराळे तबक राखणे काही खर्चाचे काम नव्हे. आणि निषिद्ध वस्तूंची यादी महाराष्ट्रातील विमानतळांवर ठळक मराठीत, ‘कापूर’, ‘सुके खोबरे’ अशा घरगुती नावांनी लावावी. ‘ज्वालाग्राही घन पदार्थ’ म्हटल्यावर कोणत्या आजीला आपली कापराची डबी आठवणार?