महिन्यांच्या भावाने विकली जाणारी व्यसनमुक्ती

अर्जुनी मोरगाव तालुक्यातले केशोरी मिरचीसाठी ओळखले जाते. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या या गावापासून गडचिरोलीची हद्द जवळ आहे. तिकडे १९९३ पासून दारूबंदी आहे, इकडे नाही. एवढा फरक सगळ्यांना ठाऊक असतो. दुसऱ्या फरकाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. गडचिरोलीत शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानातून तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराची क्लिनिक चालली, गावोगावी शिबिरे झाली. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. मजुरी बुडवून, पिऊन पडलेल्या माणसाला धरून तिथवर न्यायचे आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा न्यायचे, हे किती घरांना झेपेल? व्यसनमुक्तीच्या नावावर चालणारी लूट याच अंतरावर पोसली जाते. ती फक्त छापे घालून थांबणार नाही. उपचार दूर आहेत आणि माणूस किती महिने डांबून ठेवला यावर पैसे मोजले जातात, तोवर ती चालूच राहील.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले की, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलासा उपचार मिळतो. भरती होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. इतकी मोठी गरज उघड्यावर पडली की बाजार येणारच. या बाजारात पैसे देणारा एक आणि आत राहणारा दुसरा असतो. पैसे देते बायको, आई किंवा भाऊ. कधी धानाचे चुकारे त्यात जातात, कधी दागिना. आतल्या माणसाने फोनवर ‘इथे मारतात’ असे सांगितले, तरी घरच्यांना आधीच बजावलेले असते की सुरुवातीला सगळेच असे बोलतात, विश्वास ठेवू नका. त्यामुळे रुग्णाची तक्रार हेच त्याच्या आजाराचे लक्षण ठरते. बाहेर आल्यावर तो पुन्हा प्यायला, तर दोष त्याच्या मनाच्या कमकुवतपणाचा. मग पुन्हा भरती आणि पुन्हा पैसे. उपचार फसला तरी केंद्राचे काहीच बुडत नाही.

वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की पहिल्या दिवसापासूनच हात थरथरतात, घाम फुटतो. पुढच्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भान हरपते आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जीवही जातो. डॉक्टर हवा तो या दिवसांत. डायझेपामसारखी औषधे आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने महाग नाहीत. शरीराचा हा टप्पा साधारण आठवड्याभरात सरतो. पुढचे लांब काम समुपदेशनाचे आणि पाठपुराव्याचे असते, आणि बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ते घरी राहूनही होते. बनावट केंद्रात धोक्याच्या दिवसांत डॉक्टर नसतो आणि पैसे घेतले जातात ते कुलपाआडच्या महिन्यांचे. ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या भिंतीवरच्या जाहिराती याच बाजारातल्या. चहातून गुपचूप दिलेल्या पुडीत डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर प्राणावर बेतू शकते.

कायदा नाही, असे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे विकार मानसिक आजारात धरले. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. साखळीने बांधणे कोणत्याही सबबीखाली चालत नाही. तमिळनाडूतील एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी आगीत २८ माणसे मेली, कारण ती साखळदंडात होती. तरीही विनानोंदणी संस्थेला पहिल्या वेळी दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंतच. पाच हजारांत अनेक केंद्रांचे एका रुग्णाचे महिन्याचे शुल्कही भागत नाही.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पिणाऱ्याच्या घरातल्या बाईचा आहे: तो आत असतो तेवढे महिने तरी मी आणि पोरे मार खात नाही. तिला कुणी कायद्याची कलमे ऐकवू नयेत. तिला सुरक्षितता हवी आहे आणि तो तिचा हक्कच आहे. परंतु रुग्ण स्वतः तयार नसेल, तरी प्रकृती तशी गंभीर असल्यास दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तीस दिवसांपर्यंत भरती करण्याची सोय याच कायद्यात आहे. ती कागदावर राहते, म्हणून ती बाई अंगणात गाडी आणून माणूस उचलून नेणाऱ्यांच्या हाती पडते. दुसरा आक्षेप असा की कडक नियमांनी प्रामाणिक केंद्रे बुडतील. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी जमवलेला विश्वास सर्वांत जास्त डागाळतो तो भामट्यांमुळेच. तपासणीने प्रामाणिकांचे रक्षणच होईल.

सरकारने खाटेमागे अनुदान वाढवावे, ही मागणीही मला अपुरी वाटते. अमेरिकेतील ॲरिझोनात २०२३ मध्ये उघड झालेल्या घोटाळ्यात नवाजो आणि इतर आदिवासींना व्यसनमुक्तीच्या आमिषाने गाड्यांत बसवून फिनिक्सच्या घरांत नेले गेले आणि कधीच न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी योजनेला लावली गेली. पैसा सरकारी होता, पण तो माणसांच्या डोक्यांवर मोजला जात होता. केशोरीच्या परिसरातही गोंड वस्त्या आहेत, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे नाही.

राज्याने जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे चौदा हजार कोटींच्या जादा महसुलाचा अंदाज सांगितला होता. त्यातला ठरावीक वाटा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांना द्यावा: दारू सुटतानाच्या आठवड्यासाठी चार खाटा, आठवड्यातून एक ठरलेला दिवस समुपदेशकाचा, आणि पुढचे वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला. त्याबरोबरच नोंदणीकृत केंद्रांची यादी, प्रत्येकाचे शुल्क, तिथल्या डॉक्टरचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. या कामाला तर नव्या कायद्याचीही गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतले, तर धानाचे चुकारे हाती पडण्याआधी ते होऊ शकते.