हे लेखकाला कळलं कसं?

आमच्या वाचनालयात दर रविवारी एक तरुण येतो. गावातल्या दूध संकलन केंद्रावर तो काम करतो. सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की अंघोळ करून थेट इकडेच. परवा म्हणाला, "सर, कादंबरी नको. खरं घडलेलं असावं आन् गोष्टीवाणी वाचता यावं, असलं कायतरी द्या." मी कपाटापुढे उभा राहिलो. कादंबऱ्या, चरित्रं, धार्मिक, शेतीविषयक, स्पर्धा परीक्षा. तो मागत होता त्या पुस्तकांना वेगळा कप्पाच नव्हता. ती सगळीकडे विखुरलेली होती. पी. साईनाथांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' मला शेतीच्या कप्प्यात सापडलं, तूर लागवडीच्या पुस्तिकेला चिकटलेलं.

मूळ इंग्रजी पुस्तक १९९६ सालचं, मराठी अनुवाद हेमंत कर्णिकांचा. म्हणजे नवं नव्हे. तरी मी तेच त्याच्या हातात ठेवलं, कारण त्यात ओडिशातल्या खरियार बैलाची हकीकत आहे. गरिबांना दूधदुभतं मिळावं म्हणून तिकडे जर्सीच्या संकरित गाई आणायची योजना निघाली. संकर शुद्ध राहावा म्हणून गावोगावचे देशी वळू खच्ची केले. पैसा पाण्यासारखा गेला, संकरित वासरं जन्मली अवघी आठ, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या हवेला टिकलेली गावरान जात त्या भागातून संपली. दुधाच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचताना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या रविवारी तो पुस्तक परत द्यायला आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, आठच वासरं झाली, हे ह्या माणसाला कळलं कसं?"

असल्या पुस्तकांची पारख करायला याहून चांगला प्रश्न मला ठाऊक नाही. पुस्तक कुठेही उघडा आणि विचारा: हे लेखकाला कळलं कसं? तो तिथे गेला होता का? कुणाच्या ओसरीवर बसला, कोणती कागदपत्रं पाहिली? याचं उत्तर पानातच मिळत असेल तर पुस्तक घरी न्यावं. बंद खोलीत दोन माणसं काय बोलली आणि मनात काय म्हणाली, हे लेखक छातीठोक सांगत असेल आणि त्याला ते कुणी सांगितलं याचा पत्ता लागत नसेल, तर ती कादंबरी समजून वाचावी. हल्ली 'सत्यकथा' म्हणून विकली जाणारी कितीतरी पुस्तकं या एका प्रश्नापाशी अडखळतात, म्हणून तो वाचकांनी जवळ ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

जयदीप हर्डीकरांचं 'रामराव' (२०२१, मूळ इंग्रजी) या कसोटीला पुरेपूर उतरतं. यवतमाळ जिल्ह्यातला एक कापूस शेतकरी कीटकनाशक पितो आणि वाचतो. बातमी तिथे संपते, पुस्तक तिथून सुरू होतं. लेखक त्याला भेटतो आणि पुढे वर्षानुवर्षं भेटत राहतो. पेरणी, उसनवारी, मुलींची काळजी, पुन्हा पेरणी. आपल्या धाराशिव जिल्ह्यातही असे वाचलेले शेतकरी आहेत. त्यांना लोक भेटायला जातात ते पहिले आठ दिवस. नंतरची वर्षं कुणी पाहत नाही. इंग्रजी वाचता येणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं आणि रात्री जेवणं झाल्यावर घरात मोठ्याने सांगावं. मी तसंच केलं.

दुसरं पुस्तक आपल्या शेजारचं आहे. लातूरच्या अतुल देऊळगावकरांचं भूकंपावरचं 'डळमळले भूमंडळ'. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आपल्या बाजूचं सास्तूर आणि भोवतालची गावंही त्याच पहाटे भुईसपाट झाली. त्या धक्क्याने मी खाटेवरून उठून बसलो होतो, भांडी फळीवरून खाली येत होती, आणि उजाडेपर्यंत आम्ही सगळे रस्त्यावर होतो. एवढीच माझी आठवण, आणि तीस वर्षं मी हीच आठवण म्हणजे भूकंप समजत होतो. धक्क्याचा आकडा साडेसहाच्याही आत होता. तेवढ्याने जवळपास दहा हजार माणसं का गेली? घरांमुळे. हात-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर घातलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या पहाटे छातीवर आलं. नंतर पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसली. त्या पुनर्वसनाकडे पाहताना घर कोणी बांधायचं, कशाने बांधायचं आणि राहणाऱ्याला त्यात विचारायचं की नाही, हे प्रश्न देऊळगावकर पुढेही सोडत नाहीत. वास्तुविशारद लॉरी बेकरांवरचं त्यांचं पुस्तक त्याच वाटेने आलेलं आहे असं मला वाटतं. त्यांची दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचावीत.

आणि ज्या जमिनीने हा घात केला, तिची जन्मकथा हवी असेल तर 'इंडिका'. लेखक प्रणय लाल, मराठी अनुवाद नंदा खरे यांचा. खरे २०२२ मध्ये गेले. व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाला दगड समजत होता आणि मराठीही. २०१३ च्या दुष्काळात आमची विहीर ठणठणीत कोरडी पडली आणि गाळ काढायला आम्ही तळाला उतरलो. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि त्या पाषाणाच्या मधोमध वीतभर जाडीचा तांबडा पट्टा. वडील त्याला नुसतं 'तांबडं' म्हणायचे. 'इंडिका' वाचताना मी त्या पट्ट्याशी येऊन थांबलो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोटच्या लोट आले. एक लोट थंड झाला की मध्ये मोठा निवांत काळ जायचा. ऊनपावसाने त्याचा वरचा थर झिजून माती व्हायची, आणि मग पुढचा लोट येऊन ती माती भाजून झाकून टाकायचा. म्हणजे आमच्या विहिरीतलं 'तांबडं' ही एके काळची उघडी जमीन होती. धाराशिवची लेणी, नळदुर्गचा कोट, बालाघाटाच्या रांगा, सगळं याच दगडात. पुस्तक जाडजूड आहे, पण पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही. ज्वालामुखीच्या प्रकरणापासून सुरुवात करा आणि मग मागेपुढे जा.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या तेर गावाबद्दल थोडक्यात. विल्यम डॅलरिंपल यांचं 'द गोल्डन रोड' (२०२४) प्राचीन भारताचा जगाशी असलेला व्यवहार सांगतं. लाल समुद्रावरचं बेरेनिके बंदर, तिथे सापडलेली बुद्धमूर्ती, रोमकडून इकडे वाहणारं सोनं. ते वाचून झालं की तेरला जाऊन रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय बघा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात ज्याला 'तगर' म्हटलंय ते हेच गाव. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि तिथून बैलगाड्यांनी भडोचला जाणारं कापड. इटलीतल्या पाँपेईच्या राखेतून हस्तिदंताची जी भारतीय बाई निघाली, तिच्याशी तेरच्या हस्तिदंती बाईचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे. आपण मात्र तेरला संत गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन तसेच परततो.

एक पुस्तक मात्र मी त्या तरुणाला देऊ शकलो नाही. १९४८ साली या जिल्ह्यात जे घडलं त्याचं. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यावर अनंत भालेरावांचा 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे. नरेंद्र चपळगावकरांनी त्या संस्थानातली माणसं जपून ठेवली आहेत. पण निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी कोणत्या वाडीवर काय केलं, आणि सप्टेंबरातल्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, या दोन्ही गोष्टी एकाच हाताने, गावागावात बसून, नावनिशीवार लिहिलेलं पुस्तक माझ्या हाती लागलेलं नाही. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मोजला होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही.

तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या गल्लीत एक आजी आहेत. ज्वारीच्या उभ्या पिकात दोन रात्री काढल्याचं त्या सांगतात आणि कुणाच्या भीतीने ते विचारलं की गप्प होतात. रविवारी त्या तरुणाला मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्याने वही आणली होती, पण ती उघडली नाही. नुसता ऐकत बसला. निघताना आजी त्याला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला ये, तवा नाव सांगते."