छापील कागदाचे सोवळे

कादंबरी लिहून झाली, ई-बुक म्हणून प्रसिद्धही झाली, असे कुणी सांगितले की आमच्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो : ‘ते ठीक आहे जी, पण पुस्तक कधी काढता?’ म्हणजे जे निघाले ते पुस्तक नव्हेच! कागद, शाई आणि चिकटवलेली पाठ यांच्याशिवाय शब्दांना साहित्य म्हणायचे नाही, आणि ज्याने आपले लिखाण आपणच प्रसिद्ध केले त्याला लेखक म्हणायचे नाही, असे हे सोवळे आहे. या सोवळ्याशी मला भांडायचे आहे. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे भांडण क्षुल्लक वाटेल. कटंगीत बसून मराठी लिहिणाऱ्याला तसे वाटून चालणार नाही.

1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत बालाघाट जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. नागपूर राजधानी होती आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरातली भाषा तीच राहिली. शाळा, कचेरी आणि दुकानाची पाटी हिंदीची झाली. त्याचे रडगाणे इथे गायचे नाही. मुद्दा एवढाच की मराठी पुस्तकाचा सगळा व्यवहार सीमेपलीकडे राहिला.

तो व्यवहार कसा चालतो हे वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावे. नव्या लेखकाच्या कादंबरीची आवृत्ती फार तर हजार प्रतींची, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्यांतला मोठा वाटा ग्रंथालये उचलतात, कारण 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे तिकडच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. तुमसर-गोंदियाच्या वाचनालयांना जो आधार आहे, तो कटंगी-वारासिवनीच्या मराठी वाचकाला नाही. मग प्रकाशकाच्या हिशेबात आम्ही कोण? ना गिऱ्हाईक, ना ओळखीचे नाव.

माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी एका प्रकाशकाकडे पाठवले होते. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले. छपाईचा खर्च लेखकाने द्यावा, निम्म्या प्रती लेखकानेच विकत घ्याव्यात, आणि संवादांतले ‘हिंदीमिश्रित व ग्रामीण’ शब्द काढून भाषा शुद्ध करून द्यावी! पहिल्या दोन अटी नव्या नाहीत. किती तरी नवोदितांनी त्या मुकाट मान्य केल्या आहेत. पण मग मला सांगा, लेखकाच्या पैशाने निघालेल्या पुस्तकावर प्रकाशनसंस्थेचे नाव असले की ते रीतसर साहित्य, आणि लेखकाने स्वतःच्या नावाने काढले की ती हौस? दोन्हींकडे गुंतवणूक लेखकाचीच. एकीकडे ती झाकलेली आहे, दुसरीकडे उघडी. उघडेपणाला आपण नाक मुरडतो आणि झाकपाकीला मान देतो, याला काय म्हणावे?

तिसरी अट मात्र जिव्हारी लागणारी होती. आमच्या मुलखात एकच बाई शेजारणीशी पोवारी बोलते, मुलाशी मराठी आणि तहसील कचेरीत हिंदी. तिरोडीच्या मॅंगनीजच्या खाणीवर जाणारा माणूस दिवसातून तीनदा भाषा बदलतो. ही सरमिसळ धुऊन काढली तर कादंबरीत उरते काय? नुसता पत्ता कटंगीचा आणि माणसे सदाशिव पेठेतली! सीमाभागातली मराठी कशी बोलली जाते हे सीमेवर न राहणाऱ्याने ठरवावे, आणि त्याबद्दल पैसे आम्ही मोजावेत, हा सौदा मला मान्य नव्हता. म्हणून मी कादंबरी ई-बुक करून स्वतः काढली आणि इतरांनाही तेच सांगतो.

यात गूढ काही नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला पाहिजे, ही पहिली अट. आमच्याकडे डीटीपीवाले जुन्या हिंदी फॉन्टांत काम करतात; तो मजकूर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे फुटतात, आणि ‘वाऱ्यावर’मधला अर्धा ऱ हमखास जखमी होतो. तेव्हा बदललेली ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे लेखकालाही अर्ज करता येतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. किंडलवर मराठी पुस्तके 2016 च्या अखेरीपासून आली. तिथे लेखकाला किमतीच्या 35 टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर ई-आवृत्ती नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने फक्त त्यांच्याकडेच ठेवावी लागते. ही अट वाचून मगच होकार द्यावा. आणि मोफतच द्यायचे तर ई-साहित्य प्रतिष्ठानने मराठी पुस्तके पीडीएफ करून वाचकांपर्यंत पोहोचवण्याची वाट कधीच घालून दिली आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप दर्जाचा : ‘संपादक नाही, चाळणी नाही, कुणीही काहीही काढील.’ काढील खरेच. पण पैसे घेऊन छापणाऱ्याकडे कोणती चाळणी असते? तिथे चाळणी फक्त धनादेशाची. संपादन हवेच, याबद्दल माझा वाद नाही. ते आपण आपसांत उभे करू शकतो. गावात एक निवृत्त मराठी शिक्षक, नागपुरात एक वाचणारा मित्र आणि लिखाण न आवडल्यास तोंडावर सांगणारी एक वहिनी, एवढ्यांनी वाचल्याशिवाय पुस्तक सोडायचे नाही, असा नियम करावा. अ‍ॅण्डी वेअर या अमेरिकन लेखकाने ‘द मार्शन’ ही कादंबरी आधी स्वतःच 2011 मध्ये ई-बुक म्हणून काढली. वाचकांनी ती उचलल्यावर प्रकाशक दाराशी आला.

दुसरा आक्षेप परंपरेचा. वाचकहो, परंपरा छापखान्यापासून सुरू होते असे कुणी सांगितले? म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात ऋद्धिपूरला लिहिले गेले आणि शतकानुशतके हाताने उतरवून टिकले. 1954 साली निघालेले ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेले होते, आणि पुढे साठच्या दशकातल्या अनियतकालिकांनी प्रस्थापित प्रकाशकांची परवानगी विचारली नाही. आज त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे : ई-बुक टिकेल कशावरून? 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. तो कायदा ई-पुस्तकांना धरून लिहिलेला नाही. उद्या कंपनीने दुकान बंद केले की कटंगीची कादंबरी हवेत विरली. यावर उपाय ई-बुक टाळणे हा नव्हे. थोड्या प्रती छापून घ्याव्यात आणि त्या नागपूरच्या विदर्भ साहित्य संघासारख्या जाणत्या ठिकाणी द्याव्यात. ज्या आजोबांना मोबाईलवर वाचवत नाही त्यांचीही सोय होईल.

पण सरकारचे सोवळे पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकावर 2018 पासून पाच टक्के. आणि जे केवळ ई-पुस्तक आहे त्यावर अठरा टक्के! म्हणजे ज्याला छपाई परवडली त्याला सवलत, ज्याला परवडली नाही त्याच्या वाचकाला दंड. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. त्या अभिजात भाषेत नव्याने लिहिणाऱ्याच्या पहिल्या कादंबरीवर चैनीच्या ऑनलाइन सेवेसारखा कर लागतो, याबद्दल साहित्य संमेलनांत ठराव का होत नाही?

साहित्यसंस्थांना माझे सांगणे सरळ आहे. पुरस्काराच्या जाहिरातीत ‘छापील प्रती पाठवाव्यात’ हे एकच वाक्य ठेवू नका. ई-पुस्तकही मागवा आणि परीक्षकांना ते वाचायला लावा. दिवाळी अंकांच्या संपादकांनी परीक्षणाच्या पानांवर त्याला जागा द्यावी. नाकारायचे तर वाचून नाकारा.

आणि आपल्या घरांना एक सांगतो. बेळगावकडच्या मराठी मुलाला शाळेत कन्नड लिपी शिकावी लागते. आमच्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी येतेच. फक्त ‘ळ’ची ओळख करून द्यायची आहे. मोबाईल त्यांच्या हातात सदैव असतो. त्यात आपल्या गावच्या बोलीतली कादंबरी नसेल, तर दोष मुलांचा नाही. ती आपण लिहिली नाही, किंवा लिहून कपाटात ठेवली आणि परगावच्या प्रकाशकाच्या पत्राची वाट पाहत बसलो. ती वाट पाहणे आता पुरे झाले.